एक पद रिक्त आहे

देवणीचा माणूस जनावर नुसतं बघत नाही, वाचतो. बाजारात कुणाची गाय उभी असली की चार जण आपोआप तिच्याभोवती फिरायला लागतात. तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा. अंग पांढरंशुभ्र आणि ठिपके फक्त पोटाखाली, तर बालंक्या. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग, तर शेवेरा. दहावीला गणितात तीनदा बसलेला पोरगाही या तीन प्रकारांत चुकत नाही. वळूचं तर विचारूच नका. त्याची आई कुणाच्या दावणीची, आजी किती शेर दूध द्यायची, बाप कुठल्या प्रदर्शनात पहिला आला, हे सगळं लोकांना तोंडपाठ. स्वतःच्या खापरपणजोबाचं नाव सांगा म्हटलं, की मात्र जुना सातबारा शोधावा लागतो.

अशा वंशावळीच्या गावात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री होती आणि एकाच्याही बापाची चौकशी आम्ही कधी केली नाही. चौकशी केली असती तर अर्धं गाव अडचणीत आलं असतं. आमच्याकडं कुत्रं आणायची पद्धतच नव्हती, ते यायचं. आधी उकिरड्याजवळ बसायचं. मग गोठ्याच्या सावलीला सरकायचं. आजोबा "हाड" म्हणायचे, आजी अर्धी भाकरी टाकायची. या दोन परस्परविरोधी शासन निर्णयांमधून कुत्र्यानं आपल्याला सोयीचा तेवढा घ्यायचा आणि कामावर रुजू व्हायचं. एकदा त्याला नाव पडलं की ते आमच्या वतीनं भुंकायला मोकळं.

सध्या हे पद रिक्त आहे. शेवटची पदाधिकारी जाऊन बरीच वर्षं झाली. सरकारी रिक्त पदांसारखीच यावर घरात नुसती चर्चा चालू आहे, भरती काही निघत नाही.

मला आठवतो तो पहिला कुत्रा खंड्या. आजी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेहून परत आली तेव्हा बैलगाडीमागं एक पिल्लू होतं. ते कुठून मागं लागलं कुणालाच ठाऊक नाही. आजीच्या मते त्याला खंडोबानं धाडलं होतं. आजोबांच्या मते त्याला गाडीतल्या शिदोरीनं धाडलं होतं. तसं पाहिलं तर माळेगाव हे कुत्र्याच्या दृष्टीनं मोठंच गाव. लोह्याजवळ मार्गशीर्षात भरणाऱ्या त्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं येतात, आणि श्वान प्रदर्शनही भरतं. तिथं पट्टा बांधून, तेल लावून आणलेली उंच, सडपातळ, राजबिंडी कुत्री बसलेली असतात. खंड्या त्यांपैकी नव्हता. एक कान उभा, एक पडका आणि शेपटाचा दोघांशीही संबंध नाही, असा त्याचा एकूण आराखडा.

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो, असं आपल्याकडं म्हणतात. खंड्या अक्षरशः गाडीखालून चालायचा. पण त्याच्या बाजूनं एक पुरावा आहे, तो कुणी विचारात घेत नाही. खंड्या मधेच बसला, की बैलही थांबायचे. आजोबा चाबूक काढायचे, तोंडानं चकचक करायचे, बैलांच्या आईबापांचा उद्धार करायचे, बैल ढिम्म. खंड्या उठला की गाडी सुरू. मग गाडी नेमकं कोण ओढत होतं, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

त्यानं आयुष्यात एकदाच माणूस चावला. शेजारचे तात्या. तात्या अंधारात आमच्या वैरणीतली पेंढी उचलत होते, असं खंड्याचं म्हणणं. आपण लघवीला उठलो होतो, असं तात्यांचं. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, या नुसत्या ऐकीव माहितीनंच माणूस अर्धा व्हायचा. डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, ते जिवंत आणि धडधाकट राहिलं तर भीती नाही. (आता असं थांबत नाहीत हं. जखम लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि सुई आता दंडात असते.) झालं. तात्यांचा जीव खंड्याच्या जिवात अडकला. सकाळ-संध्याकाळ तात्या आमच्या दारात. "जेवला का? पाणी पितंय का? डोळे लाल वाटूलालेत का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी दूध आणलं. पाचव्या दिवशी मटणाचा रस्सा. खंड्यानं जरा आळस दिला तरी तात्या घामाघूम. दहाव्या दिवशी खंड्या दीडपट झाला होता आणि तात्या निम्मे. अकराव्या दिवसापासून तात्यांनी पेंढीकडं आणि खंड्यानं तात्यांकडं पाहणं सोडून दिलं. तात्यांना कामून चावलो आणि नंतर मटण कामून मिळालं, यांतला कार्यकारणभाव त्या कुत्र्याला कळला नाही, हे गावाचं नशीब.

त्यानंतरचा टायगर. मराठवाड्यात वाघ क्वचितच दिसत असला तरी टायगर गल्लीगल्लीत आहेत. आमचा टायगर मांजराला वाट द्यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, उदगीरला शाळेवर होते, सकाळच्या एसटीनं जायचे. टायगर त्यांना स्टँडवर पोचवायला जायचा, कंडक्टरनं डबल बेल दिली की परत फिरायचा. संध्याकाळी गाडीच्या वेळेला पुन्हा हजर. साऱ्या गावात टायगरच्या इमानाचं नाव झालं. अण्णांच्या शाळेतल्या एका सरांनी तर त्यांना जपानच्या हाचिकोची गोष्ट सांगितली. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर तो कुत्रा प्राध्यापक उएनोंना घ्यायला जायचा. १९२५ साली प्राध्यापक कामावरच गेले, ते परत आले नाहीत. हाचिको मात्र १९३५ साली स्वतः मरेपर्यंत स्टेशनवर येत राहिला. तो जिवंत असतानाच तिथं त्याचा पुतळा उभारला गेला. अण्णांना गहिवरून आलं. घरी येऊन त्यांनी टायगरच्या डोक्यावरून हात फिरवला. टायगरच्या मिशीला बेसन लागलेलं होतं, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढं अण्णा रिटायर झाले. टायगर झाला नाही. सकाळी त्याच वेळेला उठून, अण्णांकडं बघायचंही कष्ट न घेता, तो स्टँडकडं निघायचा. अण्णा एक दिवस मागोमाग गेले. टायगर गाडीकडं पाठ करून भज्यांच्या गाड्यासमोर बसला होता. पहिला घाणा निघाला की जळकी, मोडकी भजी त्याच्याकडं यायची. ही सेवा अखंड वर्षानुवर्षं चालू होती. अण्णा त्यात फक्त वेळ कळण्यापुरते लागत होते.

अण्णांनी आठ दिवस टायगरशी बोलणं टाकलं. खूप उशिरा माझ्या वाचनात आलं, की हाचिको गेल्यावर त्याची तपासणी झाली तेव्हा त्याच्या पोटात याकितोरीच्या काड्या सापडल्या होत्या. याकितोरी म्हणजे काडीला लावून भाजलेले कोंबडीचे तुकडे, तिकडं रस्त्यावर गाड्यांवर मिळतात. म्हणजे स्टेशनावर त्यालाही कुणीतरी खाऊ घालत होतं. त्यानं पुतळ्याला काही बाधा येत नाही, येऊही नये. पण हे अण्णांच्या हयातीत समजलं असतं तर टायगरची बाजू मांडता आली असती.

याच टायगरच्या काळात ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. तिकडं हजारो माणसं गेली. आमच्याकडं भिंती तडकल्या, आम्ही माणसं बाहेर पळालो. जनावरांना भूकंप आधी कळतो म्हणतात. टायगर आमच्या आरडाओरड्यानं जागा झाला. त्यानंतर कितीतरी रात्री सारं घर अंगणात झोपत होतं, घरात पाय ठेवायची कुणाची छाती होत नव्हती. जरा काही खुट्ट झालं, की अण्णा दचकून उठायचे आणि आधी टायगरकडं बघायचे. तो झोपलेला दिसला की परत आडवे व्हायचे. भूकंपाआधी न उठलेल्या कुत्र्यावर भूकंपानंतर सगळ्यांचा एवढा विश्वास कसा बसला, कोण जाणे. पण झोप लागायची ती त्याच्याकडं बघूनच.

टायगर गेला तेव्हा "आता नको" असं अण्णा म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात प्रत्येक कुत्र्यानंतर कुणीतरी म्हणतं. त्याची मुदत साधारण एका पावसाळ्याची असते.

मग राणी आली. राणी आमच्या घरातली सगळ्यांत शहाणी व्यक्ती होती. कोण पाहुणा उधारी मागायला आलाय आणि कोण द्यायला, हे तिला उंबऱ्याबाहेरूनच कळायचं. उनाड होती, चोरटी होती. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले होते. आमची माय लाटणं घेऊन धावायची. भाव वेगळा असेल, वेग तोच. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कोप घालून, पांडव पूजून आम्ही जेवायला बसलो की राणी पंगतीच्या टोकाला. भज्जी तिला चालायची, उंडे चालायचे, आंबील तर ती इतकी प्यायची की परतीच्या वाटेवर बांध चढताना दोनदा टेकायची.

दर वर्षी राणी कडब्याच्या गंजीत वितायची आणि घरात एक अवघड विषय सुरू व्हायचा. पिल्लं डोळे उघडायच्या आत मागणीदार येऊन जायचे. "गुरुजी, एक कुत्रा ठिवा आमाला." कुत्राच हवा, कुत्री कुणालाच नको. गोठ्यात कालवड झाली की पेढे वाटणारे, म्हशीला रेडा झाला की तोंड पाडणारे हेच लोक, कुत्रीच्या बाबतीत बरोबर उलटे व्हायचे. नर पिल्लं दोन दिवसांत संपायची. माद्या शिल्लक. अण्णा तेव्हा गावात मुलींच्या शिक्षणावर भाषणं द्यायचे. माय भाकरी थापता थापता एकदाच म्हणाली, "भाषणाला येणाऱ्यांना जाताना एकेक पिल्लू द्या की हातात." त्या वर्षी खरंच दोन माद्या अशा मार्गी लागल्या. उरलेल्या आमच्याकडंच वाढल्या आणि पुढं त्यांनी गल्लीचा कारभार हाती घेतला. नसबंदीची गाडी तेव्हा आमच्यापर्यंत पोचत नव्हती. आताही ती पोचते असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. आपल्याकडं बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, गाईला वसुबारस आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, त्यांना वेद म्हणतात. धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला. एवढी ओळखपाळख असून कुत्र्याच्या नावानं आमच्याकडं वर्षाकाठी एक दिवस नाही. नेपाळात दिवाळीत एक अख्खा दिवस कुत्र्याचा असतो. त्याला हार घालतात, टिळा लावतात, गोडधोड देतात. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी राणी बैलांच्या झुलीकडं बघत ओट्याखाली बसून राहायची. मायनं एकदा उरलेलं बेगड तिच्या कपाळाला लावलं. ते तिनं चाटून खाल्लं, आणि पुरणपोळी मिळाली ती पुरून ठेवली.

राणी म्हातारी होऊन गेली, शेतातल्या लिंबाखाली आहे. माय, अण्णाही आता नाहीत. घराला स्लॅब पडला, अंगणात फरशी आली, उकिरड्याच्या जागी मोटारसायकल उभी राहते. म्हणजे कुत्र्यानं अर्ज करायचा तरी कुठं बसून? "आता नको" या वाक्याची मुदत या वेळी फारच लांबली. तेव्हा मीच घरात ठराव मांडला, की आपण एक कुत्रं आणू.

"आणू" म्हटलं आणि घोळ झाला. येणाऱ्या कुत्र्याला कुणी अटी घालत नाही. आणायच्या कुत्र्यावर सगळ्यांची मतं असतात. बायकोनं पहिल्याच बैठकीत मुद्दे मांडले. "केस कोण झाडणार? फरशी कोण पुसणार? आणि लग्नाला, मर्तिकाला गावाला गेलो की त्याला कुणाच्या गळ्यात बांधायचं?" मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "बाबा, लॅब घ्या." माझ्या वयात लॅब म्हटलं, की उपाशीपोटी रक्त द्यायचं आठवतं. त्यानं खुलासा केला, लॅब्राडोर. सुनेनं हस्कीचा फोटो पाठवला. निळे डोळे, अंगावर सैबेरियाची थंडी काढायला दिलेली लोकर. आमच्या लातूर जिल्ह्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. त्या जिल्ह्यात हस्की ठेवायचा, तर त्याच्यासाठी एक डबा वेगळा जोडून घ्यावा लागेल. शिवाय त्याला एसी लागतो म्हणे. आमच्याकडं लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा चालतो, आणि त्याच्याखाली मी असतो.

मुलाचा आग्रह, की काहीही घ्या पण पेपर असलेलं घ्या, शुद्ध वंशाचं. त्याला म्हटलं, बाळा, तू देवणीत जन्मलास. जिच्या शुद्धतेची आपण छाती फुगवून गोष्ट सांगतो ती देवणी गायसुद्धा गीर, डांगी आणि इथली गावरान गुरं यांच्या मिसळीतून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलेली आहे, असं जाणकार सांगतात. शुद्ध म्हणजे आधी झालेली मिसळ लोक विसरले, एवढंच. १९५७ साली रशियानं अंतराळात पाठवलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची होती. तिचे कुठं पेपर होते? मुलगा म्हणाला, "तिला परत कुठं आणलं?" हे खरं होतं. मी गप्प बसलो.

मग कुणीतरी सुचवलं, कारवानी घ्या, घरचंच आहे. हे मला पटलं. आपल्याच जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात जानवळच्या बाजूला ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. उंच, निमुळत्या तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी आणि ससा उठला की दिसेनाशी होणारी. कानाला-शेपटाला रेशमासारखे केस असले की पश्मी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आली असं सांगतात. यांची मुळं लांबची, पण जावई जसा सासुरवाडीत मुरतो तशी ती इथं मुरली आहेत. याच कुत्र्याला कर्नाटकात गेलं की मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली आणि नाव तिकडचं झालं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांतही मुधोळच. लष्करानं घेतलं तेही मुधोळ म्हणून. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत मात्र कारवान हाउंड. आम्ही सीमेवरची माणसं, पलीकडं बिदर जिल्हा लागतो. बेळगावपासून भालकीपर्यंत सगळ्याचं भांडण झालं, महाजन आयोगाचा अहवालही १९६७ साली आला. पण या कुत्र्याचा कुणी विचारच केला नाही, आणि ते बिनबोभाट तिकडं गेलं. सीमाप्रश्नात हे गाऱ्हाणं नोंदवायचं राहून गेलं आहे.

तर आम्ही जानवळकडच्या एका गृहस्थांकडं पिल्लू बघायला गेलो. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी होती. चहा झाला, बिस्किटं झाली. मी म्हटलं, पिल्लू दाखवता का. ते म्हणाले, "दाखवू की. आधी बसा." आणि चौकशी सुरू झाली.

"घरी कोण कोण असता?"

"आम्ही दोघं."

"शेत किती? कुंपण हाय का? सकाळी कितीला उठता?"

मी जरा लवकरची वेळ सांगितली. बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं, विशेषतः पोटाकडं.

"ह्याला रोज पळवावं लागतंय. कोण पळवणार?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. बाजेवर एक पश्मी कुत्री पडली होती, बहुधा पिल्लांची आई. तिनं अर्धे डोळे उघडून आमचा अंदाज घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

"पहिली कोणती होती तुमच्यात? कशानं गेली?"

मी खंड्याबद्दल सांगितलं, टायगरबद्दल सांगितलं, भज्यांचा भाग गाळला. राणीच्या आंबिलीचं बायकोनं सांगितलं, ते सांगायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "घरात विचारतो. कळवतो."

पिल्लू दिसलंच नाही. परतीच्या एसटीत बायको बराच वेळ बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "आपल्यात काय कमी हाय हो?"

त्या दिवसापासून घरातला विरोध संपला. केस, फरशी, मर्तिकं, सगळे मुद्दे मागं पडले. रोज सकाळी ती मला धक्का देऊन उठवते, आणि मी चालायला निघालो की दारातून ओरडते, "जरा पळत जावा." त्या गृहस्थांचा फोन नंबर तिनं माझ्याकडून काढून घेतलाय. काल तिनं मुलाला फोन करून शेताच्या कुंपणासाठी जाळीचा भाव काढायला सांगितलं. त्यानं विचारलं, पिल्लू ठरलं का? ती म्हणाली, "ठरल्यावर काय करायचं ते आमी बघू. तू जाळीचं बघ."